एक बदाम

अहो,

मी ताईकडे चालले आहे, संध्याकाळी येईन. सणाच्या बिस्किटांचं लाटलेलं पीठ फ्रिजमध्ये आहे. दुकानातून आलात की त्याच्या चांदण्या कापा आणि कडा सोनेरी झाल्या की लगेच ओव्हनमधून काढा, नाहीतर दगड होतील.

काल संध्याकाळी मी विचारलं, फ्रिजमधलं काही घेतलंत का? पेपरातून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "एक बदाम घेतला फक्त." मला वाटलं, खायचा बदाम. आज पीठ बाहेर काढलं तर कोपऱ्यात भोक, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. खायच्या बदामांचं पाकीट तर अजून फोडलेलंही नाही.

तुम्ही खोटं बोलला नाहीत, तेवढं मान्य. पण तो बदाम भाजून गेला कुठे? घरात तर नाही, सगळे डबे पाहून झाले. आणि लग्नाला सोळा वर्षं झाली, काल पहिल्यांदाच तुम्ही जेवणाचा डबा धुऊन आणलात.

चांदण्या हव्या तेवढ्या कापा. बदामाचा साचा शोधत बसू नका, तो माझ्या पर्समध्ये आहे.