दोघांचं एकमत

४ जून, बुधवार
मशीन परत बंद पडलं आणि खापर परत माझ्याच डोक्यावर, रिलेंचं काम माझ्याकडे ना! मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचा रिले फार घाबरट आहे." घाबरट! जनरेटरवर दोन रिले पहारा देतात, अ आणि ब. कुणा एकालाही बिघाड दिसला की मशीन बंद. म्हणून तर दोन ठेवलेत. ‘अ’ ओरडला, ‘ब’ गप्प राहिला, एवढ्यावरून ‘अ’ खोटा ठरला. जनरेटर उघडून बघा म्हटलं तर वेळ नाही. सगळे साहेबांची री ओढत बसले होते.

५ जून
आता हुकूम निघालाय — दोन्ही रिलेंचं एकमत झालं तरच मशीन बंद होणार. त्यासाठी रिलेच्या पॅनेलमधली एक वायर हलवायची. तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीच्या, अगदी टोकाशी बिघाड झाला तर तो ‘ब’ला दिसतच नाही! तो तसा बनवलेलाच नाही. तिथलं फक्त ‘अ’ला दिसतं. म्हणजे आंधळ्याने हो म्हणेपर्यंत मशीन जळू द्यायचं, आणि शेजारी काम करणाऱ्या फिटरांनी काय करायचं? पळायचं?
‘बदल सुरक्षित आहे’ या कागदावर मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. खोट्याखाली माझं नाव आजवर गेलेलं नाही, पुढेही जाणार नाही.

६ जून
दादाने सही केली. माझा सख्खा भाऊ! मेंटेनन्सचा सुपरवायझर, जन्म गेला या प्लँटमध्ये, आणि साहेबांनी कागद पुढे केला तर एक प्रश्न नाही. "वायर मी स्वतः हलवतो," म्हणाला. सोबत हेल्परसुद्धा नेला नाही. लाज वाटली असेल.

८ जून, रविवार
आईने बोलावलं म्हणून जेवायला गेले. जायलाच नको होतं.
दादा समोर बसून शांतपणे जेवत होता. मी म्हटलं, "तुला पाठीचा कणा आहे की नाही?" वहिनी पाण्याचा जग घेऊन तिथेच थबकली. तो म्हणतो, "तुझ्या रिलेतलं मला फार कळत नाही. पण तू म्हणतेस तर खरंच असणार."
मग सही का केलीस?
"तू नाही म्हणालीस. दोघंही नाही म्हणालो असतो तर त्यांनी बाहेरून माणूस आणला असता. जेव आता."
म्हणे जेव! मी ताटावरून उठले. आई रडायला लागली. माझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे.

११ जून
दादाचे दोन फोन. उचलले नाहीत. उचलणारही नाही.

१७ जून, मंगळवार

सकाळी मशीन बंद पडलं. ‘अ’ ओरडला, ‘ब’ गप्प. साहेब पुन्हा माझ्या नावाने शंख करायला लागले. पण या वेळी कव्हर उघडायला लावलं मी, अक्षरशः भांडून. वाइंडिंगच्या टोकाशी तळव्याएवढा काळा डाग, इन्सुलेशन जळून गेलेलं. थोडा वेळ आणखी चाललं असतं तर आतलं लोखंडच वितळलं असतं. दोन फिटर तिथेच, शिडीवर होते. साहेब डाग बघून दोन पावलं मागे सरकले. मला आनंद व्हायला हवा होता ना?
पण मग डोक्यात आलं — एकमत झालंच नव्हतं. मशीन बंद झालं कसं?
एकटीच पॅनेलकडे गेले. दार उघडलं. वायर जुन्याच जागी. स्क्रूवर कित्येक वर्षांची धूळ, कुणी हातसुद्धा लावलेला नाही.
दादा, गाढवा! एवढं ऐकून घेतलंस माझं, आणि तोंडातून एक शब्द नाही काढलास? मला कळलं असतं तर मीही अडकले असते, म्हणून?
साहेब म्हणालेत, परवा चौकशी. वायर हलवल्याचं लिहून दिलंय दादाने. खोटी सही म्हणजे नोकरी गेली.
मी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. स्क्रू सैल केला, परत घट्ट आवळला, ताजे ओरखडे दिसावेत इतका. धूळ रुमालाने पुसली.

१९ जून
चौकशीत विचारलं, हलवलेली वायर परत जुन्या जागी कुणी लावली?
दादा तोंड उघडणार होता. त्याच्या आधी मी म्हणाले — मी.