तुमच्या बर्थवर अण्णा

प्रिय आई,

काल दुपारी आरक्षण खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या साहेबांनी होकार दिलाय. जयपूरच्या गाडीतला तुमच्या नावाचा बर्थ आता अण्णांच्या नावावर झालाय.

बातमी पहिल्या ओळीत द्यायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. त्यावर तुम्ही चिडायचात. "अगं, आधी मी कशी आहे ते विचार, मग बातमी दे." पण ही बातमी तुम्हालाच पहिल्यांदा सांगावीशी वाटली. तुमचं वर्षश्राद्ध होऊन गेलंय, तुमच्या नावाने तिकीट निघालंच कसं, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसलेय.

गेल्या महिन्यात ऊर्वी म्हणाली, "आई, आजी गेल्यापासून आपण कुठेच गेलो नाही. लेट्स गो ना, जवळपास का होईना." शिरीषने जयपूरचं नाव काढलं, आणि मग मी तुमच्याच पद्धतीने बेत आखायला घेतला. हॉटेल किल्ल्याजवळ बघायचं नाही, बस स्टँडजवळ बघायचं. तिकिटाचं ठिकाण दिवसाला एकच, बाकीचं पायी आणि फुकट. पहिल्या दिवशी काहीच बघायचं नाही. एका शहर बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. हॉटेलवाल्याशी बोलताना मी तुमचं हिंदीसुद्धा वापरून पाहिलं. "भैय्या, हम पानी जादा नहीं वापरते." तो हसला आणि भाडं थोडं कमी केलं. तुमचं वाक्य अजून चालतं, आई.

अण्णांना विचारलं तर त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं, "तुम्ही या जाऊन. घराकडे कोणीतरी हवं."

हे आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो. तुम्ही, मी, शिरीष आणि ऊर्वी निघायचो आणि अण्णा कात्रजच्या घरी राहायचे. पण तेव्हा परत यायला तुम्ही होतात. आता ते दिवसभरात चार वाक्यं बोलत असतील. दोन वेळचं जेवण मी समोर ठेवते म्हणून जेवतात. त्यांना आठवडाभर एकटं सोडून जायचं मला पटत नव्हतं. ते येणार नसतील तर आपणही जायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तरी मी तिकिटं काढली. म्हटलं, काढून तर ठेवू, मग गळ घालू. ऑफिसमध्ये पेपरचं पान छपाईला सोडायची घाई होती, त्यात मोबाइलवर बुकिंग उघडलं. तिथे आपल्या सगळ्यांची नावं आधीच भरलेली असतात, पुढे फक्त टिचकी मारायची. चार माणसं म्हटल्यावर बोट आपोआप नेहमीच्या चौघांवर गेलं. मी, शिरीष, ऊर्वी आणि तुम्ही. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते मी, आणि हे मला दिसलं नाही.

शिरीषच्या मोबाइलवर मेसेज आला तेव्हा आम्ही जेवत होतो. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीनल, अगं, आईचं तिकीट काढलंस तू."

ऊर्वी माझा हात धरून बसली. मला वाटलं, आता अण्णा ताटावरून उठणार.

अण्णांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कन्फर्म आहे का?"

"हो."

"कुठला बर्थ?"

"खालचा," शिरीष म्हणाला. "मी उद्या रद्द करतो, अण्णा."

"कशाला? रेल्वेने दिलाय ना?" म्हणाले आणि भात कालवू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनीच विषय काढला. "बायकोचं तिकीट नवऱ्याच्या नावावर करून देतात म्हणे. कारखान्यात आमचे लोक करून आणायचे. विचारून बघ." मी कप धरून नुसती बघत राहिले. ते म्हणाले, "बघतेस काय? तिची जागा रिकामी जाऊ द्यायची का?"

मग आम्ही दोघं बसने स्टेशनवर गेलो. खिडकीवरच्या बाईंनी आधार कार्डं पाहिली, नातं विचारलं आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "त्या का जात नाहीत?"

अण्णा म्हणाले, "तिला आता जमत नाही."

बाईंनी अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं कधी कोणी आणलं नव्हतं. साहेबांना विचारते. उद्या या."

येताना बसमध्ये जागा मिळाली. स्वारगेट मागे पडल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला प्रवास आवडत नाही, तरी माझ्या चुकीमुळे…"

"मला प्रवास आवडत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

"आईंनी."

"तिला मी सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. खिडकीबाहेर बघत होते. "शिरीष आणि त्याची बहीण लहान होती तेव्हा तीन तिकिटांचंच जमायचं. मी राहिलो की ती तिघं नीट फिरायची, एखादं आइस्क्रीम खायची. पुढे बरे दिवस आले. पण तोवर मला प्रवास आवडत नाही हे घरात ठरून गेलं होतं. मग कोणी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही."

आई, तुम्हाला हे माहीत होतं का? सहलीहून आल्यावर आठवडाभर रोज जेवताना तुम्ही त्यांना एकेक दिवस सांगायचात. कुठली बस, कुठला चौक, ताटात काय होतं, शेजारी बसलेली बाई कुठली. मला कंटाळा यायचा. मनात म्हणायचे, ज्या माणसाला आवड नाही त्याला किती सांगायचं. आता वाटतं, तुम्हाला माहीत असावं. मग एकदा तरी हाताला धरून का नेलं नाहीत त्यांना? रागावून नाही विचारत. तुम्ही दोघांनी एकमेकांना इतकं जपलंत की एका गाडीत कधी बसलाच नाहीत, याचं वाईट वाटतं.

मी तुमच्यासारखी नाही, हे मला ठाऊक आहे. मला घाई असते, मी अर्धं ऐकते. पण जयपूरला मी अण्णांना घाई करणार नाही. त्यांना एखाद्या चौकात तासभर उभं राहावंसं वाटलं तर आम्हीही उभे राहू, आणि राजवाडा राहिला तर राहिला. आणि यापुढे आपल्या घरात कोणाला काय आवडत नाही, हे मी त्यालाच विचारीन.

शुक्रवारी दुपारची गाडी आहे. आज सकाळी अण्णा कोणाला न सांगता कसबा पेठेत जाऊन आले. येताना पितळी कुलूप आणलं, चांगलं मोठं. आपल्या दाराला बाहेरून लावायला धड कुलूप नव्हतंच, हे त्यांच्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार? दोनदा लावून, उघडून बघितलं. एक किल्ली समोरच्या काकूंकडे राहील. दुसरी शुक्रवारी अण्णांच्या खिशात असेल.

तुमची,
मीनल