देवमाशाची शिदोरी

४ ऑगस्ट, सोमवार

दात! एका हातात मावत नाही, दोन्ही हातांनी उचलावा लागतो. कोपरापासून मनगटापर्यंत लावून पाहिला — वर चार बोटं उरला! चाळीस वर्षं ओकुकाहेच्या या वाळवंटात हाडं शोधत हिंडतेय. देवमासे किती पाहिले, मोजदाद नाही. पण असा दात? कधीच नाही. त्याच्या अंगावर उभे खोल चर, नख फिरवलं तर अडकतं.

आबेलिनोला दाखवला. माझ्या थोरल्याचा धर्मपिता, म्हणून मला कोमाद्रे म्हणतो, खोदकामातला पंचवीस वर्षांचा जोडीदार, तोंडाचा पट्टा कधी बंद नसतो. आज आधी दात दोनदा उलटापालटा केला. मग म्हणाला, "कोमाद्रे, हा चावत होता की नांगरत होता?"

५ ऑगस्ट

आणखी चार. एका ओळीत! डोकं डोंगरात शिरलंय, सगळं असणार. लिमाला संग्रहालयात फोन केला. दोनदा सांगावं लागलं, फोनवरच्या पोरीला खरंच वाटेना.

७ ऑगस्ट, गुरुवार

मिरेया आली. संग्रहालयाची डॉक्टरीण, औषधांची नव्हे, जुन्या हाडांची; वयाने माझ्या धाकटीएवढी, मला मानाने 'दोन्या' म्हणते. गाडीतून उतरली, धावत आली, दात पाहिले. रडायलाच लागली वेडी! "दोन्या झोसिमा, हा देवमासे खाणारा देवमासा. नव्वद लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तेव्हा याच्यासमोर यायची कुणाची टाप नव्हती."

देवमासे खाणारा! संध्याकाळपर्यंत हेच डोक्यात. माझ्या घराएवढा देवमासा, आणि त्याला खाणारा दुसरा.

आनंदावर विरजण पडलंच. डोंगराची ही बाजू पांढऱ्या मातीच्या खाणीला दिलीय म्हणे. मुकादम येऊन सांगून गेला, "तेवीस तारखेला मशीन लागणार. तोवर काय काढायचं ते काढा बाई. मेलेल्या माशासाठी मी थांबणार नाही." मेलेला मासा म्हणे! याच्या खानदानात एवढं मोठं कुणी जन्मलं होतं का?

सोळा दिवस. मिरेयाचा चेहरा एवढा पडला की मी बोलून बसले, "आख्खा काढून देते पोरी. एक हाड मागे राहणार नाही." तोंडातून गेलं खरं. आता निस्तरा.

९ ऑगस्ट

मी, आबेलिनो आणि तीन गडी. सकाळी धुकं असेपर्यंतच काम. दुपारी पाराका वारा सुटतो, मग वाळू कानात, नाकात, पायार घेवड्याच्या वाटीतसुद्धा. आज घेवडा खाल्ला की वाळू खाल्ली, देव जाणे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

डोकं उघडं झालं. तीन मीटर! नुसतं डोकं!

मिरेया म्हणाली, "मापासाठी कुणीतरी शेजारी झोपा, फोटो काढते." गडी एकमेकांकडे बघायला लागले. मीच आडवी झाले, जबड्याला लागून. माझी टाच जबड्याच्या मुळाशी आणि डोकं निम्म्याच्या थोडंसं वर. डोळ्यांपुढे दातच दात, आणि वर आभाळ. हा तोंड उघडून यायचा तेव्हा पाण्यातल्या बाकीच्यांचं काय होत असेल? पळायचं तरी कुठे?

भीती वाटली, लपवत नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं, त्याला नाव नाही सुचत. मी देवळात कधीमधी जाणारी बाई. आज पडल्या पडल्या छातीवर क्रूसाची खूण केली. देवाने हे घडवलं तेव्हा त्यालासुद्धा दोन पावलं मागे सरून बघावंसं वाटलं असेल.

उठताना आबेलिनोने हात दिला. "गिळलं नाही तुला, नशीब! घशात अडकली असतीस." मेल्याला काही पवित्र नाही.

१५ ऑगस्ट

वारा. काही नाही. दिवस फुकट.

१७ ऑगस्ट, रविवार

मिरेया ट्रक आणि क्रेनसाठी लिमाला गेलीय. आम्ही फासळ्या काढल्या. आणि फासळ्यांच्या आत — शिदोरी!

देवमाशाच्या पोटात बारकी हाडं सापडतात, त्याला आम्ही खोदणारे शिदोरी म्हणतो. मासे, पेंग्विन, एखाद्या वेळी सील. शिदोरी गड्यांची. फोडून वाटून घ्यायची आणि घरी चुलीपाशी ठेवायची, घरात अन्न कमी पडत नाही. माझ्या बाबांच्याही आधीपासून हे चालत आलंय. डॉक्टर लोक नाक मुरडतात, म्हणून ते नसताना उरकून घ्यायचं. मोडकेतोडके काटे ते, त्यांना काय करायचेत?

पण ही शिदोरी केवढी! जवळजवळ गाढवाएवढी. आबेलिनो म्हणाला, "राजाचं जेवण बघ कोमाद्रे! पचायच्या आधीच बिचारा मेला." एकही हाड चावलेलं नव्हतं. "आख्खं गिळलं असणार, चावायचा कंटाळा!" पोट धरून हसलो सगळे. काचिना दारूचा पहिला घोट जमिनीला दिला आणि कुदळ घातली. पाच वाटे केले. माझ्या वाट्याला खरबुजाएवढा दगडी गोळा आला. बाकीची हाडं अगदीच नाजूक होती, दोन-तीन तर हातातच भुगा झाली.

२१ ऑगस्ट

प्लॅस्टरात भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून गुंडाळून बोटांची सालं निघाली. डोकं पांढरं बाळ दिसतंय, दुपट्यात बांधलेलं. दोन टनांचं बाळ!

२२ ऑगस्ट, शुक्रवार

निघालं! क्रेनने डोकं उचललं तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. मुकादमसुद्धा टोपी काढून उभा. फासळ्या, मणके, सगळं ट्रकात. मिरेयाने गळ्यात हात टाकले, "एक हाड मागे नाही राहिलं, दोन्या! तुम्ही शब्द पाळलात." छाती फुगली होती नुसती. आयुष्यात एवढी मोठी गोष्ट माझ्या हातून झाली नव्हती.

२३ ऑगस्ट

मशीन लागलं. दहा वाजता डोंगराची ती बाजू नव्हतीच.

२४ ऑगस्ट

घरी. पाठ मोडली. सुनेने कारापुल्क्रा केलं होतं, तीनदा घेतलं. सगळ्या गल्लीला दाताची गोष्ट सांगितली, दर वेळी दात थोडा लांबला. लांबू दे!

३० ऑगस्ट, शनिवार

चुलीपाशी ठेवायच्या आधी माझा गोळा सुईने साफ करत बसले. आत जबडा निघाला. करंगळीएवढे दात, आतून पोकळ, हिरडीबाहेर कधी न आलेले. एकावर नख फिरवलं. मोठ्या दातावर होते तेच चर.

तशीच उठले, धुळीच्या हातांनी. आबेलिनोच्या दारात जाऊन म्हटलं, "तुझा वाटा परत दे. सगळ्यांचे गोळा कर."

"का गं कोमाद्रे? माझ्या चुलीवर डोळा का?"

"ती शिदोरी नव्हती, आबेलिनो. आपला देवमासा मादी होता, गाभण मादी."