मी नाकारलेली पगारवाढ

मुरबाड, गुरुवार संध्याकाळ

गेल्या सोमवारी सकाळी पूजा आटोपून कारखान्यात गेलो आणि शेटना म्हणालो, माझा पगार वाढवू नका. सरकारी कामगार विम्याचा हप्ता पगाराच्या टक्क्यांत कापतात. पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की हप्ताही बंद, विमाही बंद. मग बायकोच्या किडनीचे उपचार कुठून करायचे? त्यात पाप नव्हतं. कारण मात्र मी कुणालाच सांगितलं नाही.

आज डबा खाताना पॅकिंगवरच्या सुनंदाताई म्हणाल्या, "मी वाढ मागितली तं शेट बोलले, भाऊनीच घेतली नाय, तुला कशी देऊ? भाऊ, तुमाला पैसा नको झालाय, आमाला हवाय ना!"

डब्याला बसलेल्या सगळ्या जणी हसल्या. मीही हसलो. का हसलो? त्यांचा पगार मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. माझ्या गरजेपायी त्यांची वाढ अडली, आणि मी हसलो.

सुटी झाल्यावर ताईंना घेऊन शेटच्या खोलीत गेलो. बायकोचं आजारपण त्यांच्यासमोरच सांगितलं. "माझ्या नावावर यांची वाढ अडवू नका."

शेट भडकले, "मग तुझीपण वाढवू काय?"

वाढवला तर विमा जाणार. तरी म्हणालो, "आधी यांची वाढवा."