नकाशातली रिकामी जागा

३ ऑगस्ट
सरांचा फोन. पीएचडीचा आराखडा २८ तारखेला समितीपुढे मांडायचा, अमरावतीला. विषय तोच: आंतरराष्ट्रीय समाज (यापुढे आं.स., सारखं कोण लिहिणार). जगातल्या देशांवर राजा नाही, फौजदार नाही, तरी ते बहुतेक वेळा नियम पाळतात. का? सर म्हणाले, "कागदावर नसलेला नियम आहे, हे दाखवणार कशावरून?" मी पंधरा मिनिटं बोलले. उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

७ ऑगस्ट, बाजार
सापडलं! चार वर्षं पुस्तकांत शोधतेय आणि ते इथे, बोरी अरबच्या आठवडी बाजारात. अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करतात, शेजारी देवरावकाका दोर-कासरे विकतात. काका पंधरा दिवसांपासून यवतमाळला दवाखान्यात. त्यांच्या जागेवर अब्बांनी पोतं अंथरलंय, पोत्यावर दगड. एवढ्या गर्दीत कोणी तिथे पथारी मांडत नाही!
"अब्बा, कोणी बसलं तं?"
"कायले बसन कोणी?"
प्रश्नच कळला नाही त्यांना. हाच तो नियम! आनंदाने दोन प्लेट भजी खाल्ली.

१० ऑगस्ट
७ तारखेला पाहिलं त्यावरून अख्ख्या बाजाराचा नकाशा काढला. कोण कुठे बसतं, प्रत्येकाचं नाव. फोटो काढून अब्बांच्या फोनवरून बाजारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, "चुका सांगा." अंगठेच अंगठे. मी स्वतःवर भलतीच खूश. समितीला असला पुरावा कोणी दाखवलाय का?

१४ ऑगस्ट, बाजार
काकांच्या जागेवर मोबाइल कव्हरवाला. दारव्ह्याचा, नवा. पोत्याची घडी करून बाजूला, वर दगड.
अब्बा: "भाऊ, हे जागा देवरावची हाय."
त्याने फोन काढला. माझा नकाशा! "पाहा ना चाचा. तुमच्याच गटातला हाय, मले एकानं पाठवला. इथं 'रिकामी' लिवलं हाय."
लिहिलंय खरंच. माझ्याच अक्षरात. काका ७ तारखेला नव्हते म्हणून. मूर्ख, मूर्ख, मूर्ख. अब्बांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तेच जास्त लागलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला उभी असताना एकदम सुचलं (लिहायला लाज वाटते, पण अंगावर काटा आला). तो नुसता बसला नाही, त्याने कारण दाखवलं! नियमच नसता तर कारण कशाला हवं? देशही तेच करतात, सीमा ओलांडतात आणि मग जुने नकाशे काढून दाखवतात. मोडणाऱ्याची सबब हाच नियमाचा पुरावा!! सरांना फोन. सर म्हणाले, "लिहा, लगेच लिहा!"
आराखड्याचं काम झालं. काकांची जागा मात्र माझ्यामुळे गेली.

१८ ऑगस्ट
देवरावकाकांच्या घरी. काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, आता झापतात. त्या म्हणाल्या, "मी दवाखान्यात गेली का तुये काका पयले काय इचारते, मालूम हाय? आपली जागा हाय ना?"
"मंग तुम्ही काय सांगता?"
"हाय म्हनून सांगतो." आणि आत जाऊन दोरांचं गाठोडं घेऊन आल्या, माझ्या हातात दिलं.

२१ ऑगस्ट, बाजार
सगळ्यांच्या आधी जाऊन काकांच्या जागेवर बसले. एमए, नेट, आणि पुढ्यात कासरे. कव्हरवाला आला.
"ताई, नकाशात तं..."
"नकाशा चुकला भाऊ. मीच चुकली."
तो म्हणाला, "मंग मी कुठं बसू?"
विचारलं! त्याने विचारलं!! अब्बांनी हापशीकडे बोट दाखवलं. गेला. हसला नाही, पण गेला.
तीन कासरे विकले. एकाचा भाव चुकीचा सांगितला.

उठताना लक्षात आलं. पुढचा बाजार २८ ला. समितीही २८ ला. काकांना अजून दवाखान्यातून सुट्टी नाही.
"अब्बा, त्या दिवशी इथं कोन बसन?"
"तू जाय बेटा."
"पन तो परत आला तं?"
अब्बा पंपाला वायसर बसवत राहिले.
पोतं झटकून अंथरलं, वर दगड ठेवला. एवढं पुरतं, हेच तर मला अमरावतीला जाऊन सांगायचंय.