हीलियमचा सूड

गोटिंगन, ४ नोव्हेंबर १९२४
हाबरकोर्न आजपासून संपला.
अणूवर माझं व्याख्यान चाललेलं. आमच्याच विभागात नवा लागलेला हा कालचा पोरगा उभा राहून विचारतो, "डॉक्टर, इलेक्ट्रॉन केंद्राभोवती कक्षेत फिरतो म्हणता. ती कक्षा कुणी पाहिलीय?" सगळा हॉल खिदळला. मीही शांतपणे हसलो. त्यात खडू मोडला.
सूड घेणार. सभ्य, गणिती सूड.

५ नोव्हेंबर
प्लॅन तयार. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन एकच, तिथे कक्षांचं गणित चोख जमतं. आता हीलियम घ्यायचा. दोन इलेक्ट्रॉन. त्यातला एक उपटायला किती व्होल्ट लागतात ते कक्षांवरून काढायचं आणि भर सभेत हाबरकोर्नच्या तोंडावर फेकायचं. नाताळपर्यंत सहज. एकाऐवजी दोन, एवढाच तर फरक!
प्रयोगातला आकडा मुद्दाम बघणार नाही. असला प्रामाणिकपणा हाबरकोर्नला सात जन्मात कळायचा नाही.

१९ नोव्हेंबर
पहिला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला ढकलतो. दुसरा पहिल्याला. मध्ये मी.
हाबरकोर्न जिन्यात भेटला. "बरे आहात ना?" म्हणाला. ढोंगी.

नाताळ
झालं नाही. हीलियम आडमुठा आहे. घरमालकीण फ्राऊ टीडेमान भाजलेलं बदक घेऊन आल्या. म्हणाल्या, "हा हाबरकोर्न कोण हो? झोपेत रोज त्याच्या नावानं ओरडता." सहकारी, म्हटलं.

२० जानेवारी
उत्तर आलं! अठ्ठावीस व्होल्ट. हाबरकोर्न, रडायला रुमाल आण.
तळघरातल्या प्रयोगशाळेत मोजमापं करणाऱ्या फ्रॉइलाइन वेसेलकडे धावलो. त्या म्हणाल्या, "साडेचोवीस." तुमचं उपकरण गळतंय, म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा मोजलं. साडेचोवीस. वर म्हणतात, "डॉक्टर, हीलियमला तुमचं गणित कुणी कळवलेलं दिसत नाही."
ही बाई त्याला सामील आहे.

३ फेब्रुवारी
सभा गाजवली. तासभर फळा भरला. उपकरणं कशी गळतात तेही सुनावलं.
मग हाबरकोर्न उठला. "कक्षांचं इतकं निर्दोष गणित मी पाहिलं नव्हतं," म्हणाला. "एकही चूक नाही. तरी उत्तर चुकतंय. म्हणजे चूक कक्षांचीच. डॉक्टर, तुम्ही माझी शंका कायमची मिटवलीत." आणि पुढे येऊन दोन्ही हातांनी माझा हात धरला.
टाळ्या खूप पडल्या. बहुधा मलाच.

२८ एप्रिल
हाबरकोर्नला रोस्टॉकला प्राध्यापकी मिळाली. इथल्या संचालकांनी बोलावून सांगितलं, पुढच्या सत्रापासून माझ्या जागेची गरज नाही. बाहेर व्हरांड्यात हाबरकोर्न उभाच होता. "माझ्याबरोबर चला ना," म्हणाला, "तुमच्यासारखा काटेकोर माणूस मला हवाय."
त्याच्या हाताखाली! मी!
विचार केला. शत्रूला आतून पोखरणं सोपं पडतं. हो म्हणालो.

११ मे, रोस्टॉक
कामाला सुरुवात. सकाळी आठला पहिल्या वर्षाचा वर्ग. विषय त्यानं ठरवलाय: इलेक्ट्रॉनला कक्षा का नसते.