दोरीवरचे लंगोट

३ फेब्रुवारी, सोमवार

बास झाले डायपर! शेवटचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर पार मागे ढकललं. भिंगरीचं बूड लालबुंद झालंय. पुसायला गेलं की अशी किंचाळते, की शेजाऱ्यांना वाटावं आम्ही पोरीला बडवतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मलम देते, पण खरं औषध म्हणजे सुती कापड आणि मोकळी हवा. कापडी लंगोट वापरून बघा."

वापरून बघा! सांगायला काय जातं? मी दुपारपर्यंत लॅबमध्ये, नवरोबा संध्याकाळपर्यंत कारखान्यात. घरी भिंगरी आणि तिचे आजोबा. बदलणार कोण, धुणार कोण?

त्यात आक्काआत्यांचा फोन. सासरेबुवांची थोरली बहीण. आईच्या मागे तिनेच यांना वाढवलं. पुढच्या महिन्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, घाबरलीय बिचारी. "टेबलावर चढायच्या आधी भावाला एकदा बघू दे गं. नातीलाही आण." बसने तीन तास. असलं भाजल्यासारखं बूड घेऊन पोर बसेल तीन तास? मी म्हटलं, "हिचं बरं झालं की लगेच निघतो, आत्या." शब्द देऊन बसलेय.

४ फेब्रुवारी

शेजारची जुळ्यांची आई देवासारखी धावून आली. काल रडणं ऐकलं असणार. आज पिशवीभर लंगोट घेऊन दारात. "आमचे दोघे सुटले यातून. तू वापर, आणि परत करायच्या भानगडीत पडू नकोस." बाहेरून न भिजणारं कापड, टिचबटणं, आत घालायच्या जाड सुती घड्या. काय सुंदर रंग! मला तर भरूनच आलं. आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणे, "आधी धुऊन बघ, मग आभार मान."

५ फेब्रुवारी

सकाळी घाईत बदलायला घेतला तर बटणं वाकडी, भिंगरी उताणी पडून गोल गोल फिरतेय. मागून आवाज — "सूनबाई, मला एकदा दाखव."

मी बघतच राहिले. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. स्वतःच्या मुलाचं दुपटंसुद्धा कधी हातात धरलं नाही, असं सासूबाई असताना हसून सांगायच्या. ते आज गुडघ्यावर बसून लंगोट शिकले! दुसऱ्या खेपेला माझ्यापेक्षा नीट. वर मिशीत हसून, "चला, गाडी डेपोतून सुटली."

दुपारी घरी आले तर दोरीवर लंगोट ओळीने वाळत घातलेले. मशीन असताना बादलीत हाताने धुतले. वर त्यांची चादरही होती. ती हल्ली ते रोजच धुतात. मी म्हटलं माझ्याकडे द्या, तर "माझं मी करतो." स्वच्छतेचा भारी नाद!

किती नशीबवान आहे मी. मैत्रिणींचे सासरे पाण्याचा ग्लास उचलत नाहीत.

८ फेब्रुवारी

आज गंमत. घरात शिरते तर जेवणाच्या टेबलावर भिंगरीचा लंगोट पसरलेला आणि सासरेबुवा तांब्याने त्यावर हळूहळू पाणी ओततायत! भिंगरी टाळ्या वाजवतेय.

"बाबा, अहो जेवतो आपण तिथे!"

"धुतलेला आहे गं. किती धरतो ते बघतोय." मग दुसरी घडी घातली, पुन्हा पाणी. खालून हात लावून बघितला. "अर्धा तांब्या प्यायला की! आणि वरून कोरडा. चांगलंच निघालंय हे." नंतर एकदम गंभीर होऊन, "मोठ्या प्रवासात किती वेळ टिकेल?"

मी म्हटलं, तिला न्यायचंय म्हणून किती बारीक विचार करतात!

१० फेब्रुवारी

लॅबमध्ये आज नुसती रीघ. म्हातारी माणसं लघवीची बाटली रुमालात गुंडाळून, पिशवीत तळाशी ठेवून आणतात. काउंटरवर ठेवताना इकडेतिकडे बघतात. मी मुद्दाम कोरड्या आवाजात नाव विचारते, चिकटपट्टी लावते, पुढे सरकवते. जणू बिस्किटांचा पुडाच! त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं दिसतं. एवढं एक मला जमतं.

दुपारपर्यंत लोकांचं तेच, घरी आल्यावर लेकीचं तेच. काय नशीब काढलंय!

पण लाली निम्मी उतरलीय. खरंच!

१२ फेब्रुवारी

वाळलेल्या घड्या पापडासारख्या कडक लागत होत्या. पोरीला टोचतील म्हणून आज सगळे लंगोट मशीनमध्ये घातले आणि कपडे मऊ करायचं ते सुवासिक औषध घसघशीत ओतलं. काय मऊ झालेत! घरभर फुलांचा वास. स्वतःवरच खूश.

१४ फेब्रुवारी

कर्म माझं. जिथे बसते तिथे तळं. गादी, सतरंजी, नवरोबाची मांडी. बरं, लंगोट चाचपला तर आतली घडी जेमतेम ओलसर! मग पाणी येतं कुठून? नवरोबा म्हणे, "नळ उघडा राहिलाय बहुतेक." हाणला असता.

१५ फेब्रुवारी

जुळ्यांच्या आईने कपाळाला हात लावला. "अगं, त्या औषधाचा थर बसतो कापडावर! पाणी शोषत नाही, वरच्या वर घसरून जातं. मऊ करायला गेलीस आणि मेणकापड करून बसलीस!" कडकडीत पाण्यात घालून परत परत खळबळायचे, फेस यायचा थांबेपर्यंत.

मी घरी येऊन रडकुंडीला आले. सासरेबुवांनी बादली ओढून घेतली. "गाडी बंद पडली म्हणून प्रवासी उतरवून देतात का? चल, पाणी तापव." दोघांनी मिळून खळबळले. एक शब्द टोचून बोलले नाहीत. सख्ख्या बापानेही मला या बावळटपणावर सोडलं नसतं.

१६ फेब्रुवारी

टेबलावर पुन्हा तांब्याची परीक्षा. सगळे पास!

२० फेब्रुवारी

बूड स्वच्छ! लोण्यासारखं! सकाळी उजेडात धरून तीनदा बघितलं. डॉक्टरीणबाईंनाही दाखवून आले. त्या म्हणाल्या, "आता डायपरच्या वाटेला जाऊ नका, पुन्हा लाली येईल." मी त्यांचे हात धरले. जुळ्यांच्या आईला मिठी मारली. सासरेबुवांना वाकून नमस्कार केला तर ते मागे सरकून म्हणाले, "अगं, मी काय केलं? धुणं!"

आक्काआत्यांना फोन केला. पलीकडे हुंदकाच. "माझा भाऊ येतोय ना? नक्की?" मी म्हटलं नक्की! शनिवारी, एक तारखेला.

२१ फेब्रुवारी

सासरेबुवा नाही म्हणतात.

आधी गुडघा. मग ऊन. मग म्हणे कुंड्यांना पाणी कोण घालेल? शेवटी, "दुसऱ्याच्या हातातली गाडी मला सोसत नाही. तो चुकीचा गिअर टाकतो आणि माझा पाय दुखतो. तुम्ही तिघं जाऊन या." हसायला आलं, पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्या माणसांपाशी नेऊन सोडलं, आणि स्वतःच्या बहिणीकडे जायला इतकी कुरकुर?

हल्ली कोपऱ्यावरच्या बाकावर मित्रांतही जात नाहीत. दुपारचा चहा सोडलाय. वय झालं की माणूस घरकोंबडा होतो, असं नवरोबा म्हणतो. मला नाही पटत.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा गळती! सासरेबुवा भिंगरीला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. उठले तर लेंगा ओला, खुर्चीची गादी ओली. "भिंगरीचा प्रताप!" म्हणाले आणि लगबगीने आत गेले. मी लंगोट चाचपला — कोरडा ठणठणीत. म्हणजे तेच! ते मेलं औषध अजून निघालेलं नाही, सगळं वरच्या वर घसरतंय. इतके दिवस बरे चालले आणि आज परत?

सगळे लंगोट परत उकळले.

२५ फेब्रुवारी

परत तेच. तीच खुर्ची, "भिंगरीचा प्रताप", आणि लंगोट कोरडा.

हात टेकले. इतके खळबळले की घड्यांचे धागे निघायला आले. बसमध्ये परक्या माणसाशेजारी असं झालं तर? नवरोबाला म्हटलं, प्रवासापुरते तरी डायपरच लावू या. तो म्हणाला, "आणि बूड?"

२६ फेब्रुवारी

मीच चुकले तर? औषध, उकळणं, बटणं — सगळं आठवून बघितलं. सापडत नाही.

आज एक मात्र बोलून गेले. "बाबा, तुम्हीही यायला हवं होतं. आत्यांना तुम्हीच हवे आहात." ते भिंगरीचा लंगोट पिळत होते. पिळतच राहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

स्टुलावर चढून फळीच्या मागून डायपरचं पाकीट काढलं. भिंगरीला ओळख पटली की काय, तोंड वाकडं करायला लागली. फोडून एक बाहेर काढला. सासरेबुवा दारात उभे होते, माझ्या हाताकडे बघत. जेवलेही अर्धवटच. पोरीची कणव मला नाही असं वाटतं का यांना? मला काय हौस आहे?

उद्यापासून डायपर. संपला विषय.

२८ फेब्रुवारी

सकाळी तिला निजवून डायपर उघडला, तेवढ्यात सासरेबुवांनी माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. "नको लावू ते. लंगोट चांगले आहेत, सूनबाई. खुर्ची तिने ओली केली नव्हती. मी केली होती." भिंतीकडे बघत म्हणाले, "माझीच टाकी गळते हल्ली. बसमध्ये कुठे तोंड लपवू? म्हणून आक्काकडे... पण त्याची शिक्षा भिंगरीच्या बुडाला कशाला? तिचा काय दोष?"

रोजची चादर. सोडलेला चहा. टेबलावरचा तांब्या. आणि मी लॅबमध्ये रोज हीच माणसं बघते!

ओरडून रडावंसं वाटलं. रडले नाही. काउंटरवरचा तोच कोरडा आवाज काढला. "बाबा, आज माझ्याबरोबर लॅबमध्ये चला, तपासून घेऊ. शेजारीच डॉक्टर बसतात, त्यांना दाखवू. औषध असतं याला." मग भिंगरीच्या दोन घड्या एकावर एक ठेवून त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या, दाबून बघितल्या.

"तीन तास टिकतील?"

"तुम्हीच तर परीक्षा घेतलीत, बाबा."

आत्यांना फोन केला. उद्या सगळे येतोय.